घरावरचा वीज अटकाव: काम चांगलं, बाता फार

रोहिणीच्या तोंडावर घरावर आणि कोठ्यावर वीज अटकाव, म्हणजे आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा, बसवून घेतला. तालुक्याला बसस्टँडच्या मागे मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे, त्यांचं काम. नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि दुकानातला पोरगा माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. थोडक्यात सांगतो. जमिनीखालचं काम नंबर एक. छतावरचं काम दोनदा करून घ्यावं लागलं. तोंडी गॅरंटी मात्र या कानानं ऐकायची आणि त्या कानानं सोडून द्यायची.

मी लाईनमन होतो. नोकरी दारव्हा, दिग्रस, नेर याच पट्ट्यात गेली. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून माणूस लावला, पण खाली खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसलो होतो. असा घरमालक कोणत्याच कारागिराला नको असतो, हे मला माहीत आहे.

घर गावाच्या शेवटाला, टेकाडावर. समोर स्लॅबच्या तीन खोल्या, मागे टिनाचा कोठा, त्यात बैलजोडी आणि एक गाय. कोठ्याला लागून जुना निंब, घरापेक्षा बराच उंच. त्याच्या पलीकडे अडाण नदीपर्यंत नुसती वावरं. मागच्या साली परतीच्या पावसात, सोयाबीनची सोंगणी चालू असताना, शेजारच्या शिवारात धुऱ्यावरच्या मोहाखाली बांधलेली जोडी गेली. माणसं थोड्या अंतरावर होती, वाचली. तेव्हापासून घरचे मागे लागले होते.

आधी एका कंपनीचा माणूस ग्रामपंचायतीत येऊन गेला होता. टोकाला स्टीलची गोल डबी असलेला खांब, किंमत लाखाच्या आत-बाहेर, आणि दावा असा की एका खांबात शंभर मीटरच्या त्रिज्येतली सगळी घरं सुरक्षित. रंगीत पुस्तिका, त्यात गावाच्या फोटोवर निळी छत्री काढलेली. असल्या डबीवाल्या यंत्राला 'ईएसई' म्हणतात. म्हणे वीज खाली यायच्या आत ते वर ठिणगी पाठवतं. आपल्या देशाचं चालू मानक आयएस/आयईसी 62305 आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की संरक्षणाचा घेर काढताना धातूच्या टोकाची खरी लांबी-उंची तेवढीच धरायची. डबीत काय जादू आहे याला तिथे मार्क नाहीत. जुन्या आयएस 2309 मध्ये हिशेब अजून सोपा होता. 45 अंशांचा कोन धरा, म्हणजे टोक छतापासून जितकं उंच, छताच्या पातळीवर तितक्याच त्रिज्येचा गोल. छतावर तीन मीटरचा पाईप उभा केला तर भोवती तीन मीटर. यात गाव कुठून बसणार? सरपंचांना मी हे पाटीवर आकृती काढून दाखवलं. त्यांनी खरेदी पुढे ढकलली. तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत गेला ती अजून लक्षात आहे.

म्हणून मी साधा, फ्रँकलिनच्या काळापासून चालत आलेला प्रकार घेतला. 1752 पासून त्याच्यात फार काही बदललेलं नाही. वर अणकुचीदार दांडा, खाली पट्टी, पट्टी जमिनीत. आमच्या दुकानदाराच्या पोरानंही पहिल्याच दिवशी सुरू केलं, "काकाजी, काही टेन्शन घेऊ नका जी, दहा एकर सेफ होते यानं." मी म्हटलं, "बाबू, दहा एकर माझं वावर बी नाही. तू फक्त घर आन् कोठा सेफ कर." तो हसला, पण दुसऱ्या गिऱ्हाईकाला फोनवर परत दहा एकरच सांगत होता. पहिली तक्रार हीच. आमच्याकडे माणसं घरात मरत नाहीत, वावरात मरतात. दहा एकर ऐकून एखादा गडी धुऱ्यावर निवांत निंदत बसला तर पाप कोणाच्या माथी?

आता चांगलं ते सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे.

अर्थिंग. लोक छतावरच्या चकचकीत दांड्याकडे बघतात, पैसे मात्र खड्ड्यात घालायचे असतात. मी डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तीन-तीन एलए, म्हणजे लाईनवरचा विजेचा झटका जमिनीत उतरवणारे अरेस्टर, लावलेले पाहिले आहेत, वरून कोरे करकरीत, आणि खाली अर्थिंगची पट्टी भंगारात गेलेली. कडकडाट झाला की पहिला एलएच फुटायचा. विजेचा झोत साधारण 30 हजार अँपिअरच्या घरातला असतो. त्याला जमिनीत मुरायला जागा दिली नाही तर तो स्वतः जागा शोधतो. भिंतीतून, नळातून, बैलाच्या पायातून.

आमची जमीन काळी, दोन-अडीच हातांवर मुरूम लागतो. काळी माती ओली असताना अर्थिंगला झकास. पण मे महिन्यात तिला भेगा पडतात, पाईपच्या भोवतीची माती आकसून सुटते आणि रीडिंग (जमिनीचा विरोध, कमी तितका बरा) चढतं. पोरानं आधी कोळसा आणि मिठाची गोणी आणली होती. मी आयुष्यभर कोळसा-मीठच भरलं, त्यामुळे त्याचे गुण माहीत आहेत. दोन पावसाळ्यांत मीठ वाहून जातं आणि जाता जाता पाईप खातं. ती गोणी परत पाठवून बेंटोनाईटची पावडर मागवली. पैसे जास्त गेले, पण ती ओल धरून ठेवते. ट्रॅक्टरच्या ऑगरनं मुरमापर्यंत खड्डा, पुढे सब्बल, तीन मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, भोवती पावडर कालवून घट्ट भरलेली. असे दोन खड्डे, एक घराच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. मजूर घामाघूम झाले, पण एकानंही "एवढं खोल कायले" म्हटलं नाही. या बाबतीत पोराला पैकीच्या पैकी.

मग मोजणी. त्याच्याकडे हँडल फिरवायचा जुना अर्थ टेस्टर होता, ते बघून बरं वाटलं. दोन खिळे वावराच्या दिशेनं लांब ठोकले, वायरी ताणल्या. हँडल फिरवायच्या आधी पोरानं हळूच बकेट उचलली.

"ते कायले रे?"

"थोडंसं पानी टाकतो ना जी, रीडिंग मस्त येते."

"रोहिणीत कोरडी इज पडते तवा कोन येते बकेट घेऊन?"

बकेट खाली ठेवली बिचाऱ्यानं. कोरड्यात पहिला खड्डा 14 ओहम, दुसरा 11. दोन्ही जोडून आणि घराचं जुनं अर्थिंग त्यालाच बांधून 5 च्या जरा वर आलं. दहाच्या आत असलं की चालतं. तुमच्याकडे कोणी हे काम करत असेल तर मोजणी उन्हाळ्यात, कोरडी, तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या आणि आकडा पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर त्यानं आधी "अर्थिंग ओके" एवढंच लिहिलं होतं. ओके हा काय आकडा आहे?

छतावर गडबड झाली. दांडा तांब्याचा, पाच टोकांचा, पाईपवर बसवून छतापासून तीन मीटर उंच. कोठ्यासाठी वेगळा, कारण घरावरच्या दांड्याच्या कोनात कोठ्याचं मागचं टोक येत नव्हतं. इथपर्यंत ठीक. खाली उतरणारी पट्टी मी मुद्दाम जीआयची घेतली, 25 बाय 3 ची. तांब्याची उत्तम असते, पण गावात तांब्याला पाय फुटतात. तांब्याचा दांडा आणि जस्ताची पट्टी थेट एकमेकांना कसली तर पावसात सांधा कुजतो, मध्ये बायमेटल क्लॅम्प लागतो. पोरानं साधा नटबोल्ट मारला होता. विचारल्यावर म्हणाला, "चालते जी." नाही चालत. क्लॅम्प यायला दोन दिवस गेले.

दुसरं, पॅरापेटवरून पट्टी उतरवताना त्यानं हातोडीनं बरोब्बर काटकोन मारला. दिसायला सुंदर, पुट्टी केलेल्या भिंतीला चिकटून. पण पाटाच्या पाण्याला एकदम काटकोनात वळवलं तर ते वळणावरच दांड फोडतं, विजेचंही तसंच आहे. वळण मोठं, गोलाकार पाहिजे. सगळं सोडवून परत वाकवायला लावलं. आता ती पट्टी पॅरापेटच्या बाहेर पोट काढून उतरते आणि सूनबाईला ते अजिबात आवडत नाही.

कोठ्याची पट्टी तो दारातूनच उतरवणार होता, कारण तिथून खड्डा जवळ. ही चूक जनावराच्या जिवावर बेतणारी आहे. वीज पट्टीतून उतरत असताना पट्टीच्या आसपास जमिनीत दाब पसरलेला असतो. जवळ जास्त, लांब कमी. माणसाचे दोन पाय जवळजवळ असतात, बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, म्हणून त्याच्या अंगातून फरक जास्त वाहतो, आणि वाटेत काळीज येतं. मोहाखालची ती जोडी अशीच गेली असणार. पट्टीपासून तीन मीटर दूर राहायचं, असा नियम आहे. पट्टी मागच्या भिंतीवर घेतली, माणसाच्या उंचीपर्यंत त्यावर जाड पीव्हीसी पाईप चढवला, आणि खुटे उपटून कोठ्याच्या दुसऱ्या टोकाला रोवले. निंबाखालचा उन्हाळ्यातला खुटाही काढला. पोराचं म्हणणं होतं निंबच पाडा. निंब माझ्या बापानं लावलेला. त्याच्या खाली आता ढोर बांधत नाही आणि आभाळ आलं की खाट ठेवत नाही, एवढं पुरे.

तिसरी तक्रार एसपीडीची, म्हणजे तारेतून घरात येणारा झटका जमिनीत वळवणाऱ्या डबीची. कोटेशनमध्ये तो नव्हताच. लोकांना वाटतं वर दांडा लागला म्हणजे टीव्ही, फ्रीज, बोअरचा स्टार्टर सगळं वाचलं. तसं होत नाही. दोन किलोमीटरवर लाईनवर वीज पडली तरी झटका तारेतून मीटरपर्यंत येतो. त्यासाठी मीटरजवळ एसपीडी लागतो, आणि त्याची अर्थिंगची वायर आखूड, सरळ पाहिजे. मी मागितला तेव्हा "हो जी, लावतेत काही लोक" म्हणत काढून दिला. न मागणाऱ्याला सांगायला नको? आणि तो लावूनही आभाळ दाटलं की आम्ही पिना काढतोच. आभाळ दाटलं की, कडकडाट सुरू झाल्यावर नाही. गडगडायला लागल्यावर प्लगला, नळाला, वायरवाल्या फोनला हात लावायचा नाही.

शेजारीण भांडायला आली ते राहिलंच. "तुमच्या त्रिशुळानं इज इकडं वढून आणली तं?" तिला सांगितलं की दांडा ढगातली वीज गावाकडे वळवत नाही. ती इथेच पडणार असेल तर तिला वाट दाखवतो. पटलं नाही. तिचा धाकटा पायाळू, त्यामुळे तिला आधीच धास्ती. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आमच्याकडे अजून घट्ट आहे. त्या पोराला पावसात घराबाहेर पडू देत नाहीत, हे चांगलंच. फक्त बाकीची, डोक्याकडून जन्मलेली भावंडं त्याच वेळी झाडाखाली जांभळं वेचत असतात.

तर वावराचं काय? तिथे या कामाच्या 26,500 रुपयांचा काडीचा उपयोग नाही, आणि हे पोरानं सांगायला पाहिजे होतं. फोनमध्ये 'दामिनी' ॲप टाकलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं केलेलं, फुकट, मराठीत चालतं. तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरचं वर्तुळ दाखवतं आणि आत विजा पडायला लागल्या की कळवतं. नाल्याकडच्या तुकड्यात रेंज मिळत नाही, तिथे जुनी रीत: चमकलं की मोजायला लागा, आवाज येईपर्यंत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर डवरं तिथेच सोडायचं आणि निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वावरात पाय नाही. हा अर्धा तास कोणीच पाळत नाही. पाऊस उघडला की लोक ताडपत्री काढायला पळतात, गंजी भिजली का बघायला. वीज पाऊस थांबल्यावरही, ढगापासून दहा-पंधरा किलोमीटरवर पडते.

निघायचं कुठे, तर पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या चारचाकीत. रखवालीची झोपडी, पन्नीचा मांडव, उघडा ट्रॅक्टर, यातलं काही धरायचं नाही. एकट्या झाडाखाली तर अजिबात नाही. तारेच्या कुंपणापासून आणि झटका मशीनपासून लांब, कारण एका टोकाला पडलेली वीज तारेनं दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाते. बाया निंदणाला एका ओळीत असतात, त्यांनी एकत्र घोळका करून डोक्यावर एकच पोतं घेऊ नये, अंतर ठेवून निघावं. काहीच जवळ नसेल तर खोलगट जागी, पाय जुळवून, उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. याला सुरक्षित म्हणत नाहीत, दुसरा उपाय नसतो म्हणून करायचं. मोबाईलवर वीज पडते असं म्हणतात, ते सोडून द्या. ती उंचीवर पडते, खिशात काय आहे ते तिला दिसत नाही.

आणि कोणाला लागलीच तर हात लावायला घाबरू नका. अंगात करंट उरत नाही. लाईनवरचा शॉक आणि हा, यात हाच फरक, आणि आमच्या लोकांना लाईनवरचाच माहीत असल्यामुळे ते लांब उभे राहतात. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरजोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीनं दाबत राहायचं, दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. विजेनं पडलेली पुष्कळ माणसं अशी परत येतात. आमच्याकडे अंगावर शेण थापतात, माती लिंपतात. त्यात तो वेळ जातो.

सरकारी मदतीचंही लिहून ठेवतो, कारण दुकानात हे विचारणारे भेटले. 2022 च्या निकषांप्रमाणे वीज पडून माणूस गेला तर वारसांना 4 लाख. जनावरांना त्याच निकषांप्रमाणे दुभत्या गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000. तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय यातलं काही हातात येत नाही, तेव्हा ढोर पुरायची घाई करू नका.

आता कोणी विचारतं, काका, पडली का तुमच्यावर? नाही पडली. त्यामुळे "यानं घर वाचलं" असं मी लिहू शकत नाही, आणि ज्यांच्या घरावर पडलेली नाही असे जे कोणी हे लिहितात, त्यांचंही मनावर घेऊ नका. मी मोजणीचा आकडा आणि सांधे बघून मत देतो आहे.

खर्चाचं: दोन दांडे, पट्टी, दोन खड्डे, एसपीडी, मजुरी धरून वर लिहिला तेवढा. घर लहान असेल आणि कोठा नसेल तर बरंच कमी येईल. घासाघीस दांड्याच्या किमतीत करा, खड्ड्याच्या खोलीत करू नका. घर गावाच्या मधोमध, उंच टाकीच्या किंवा टॉवरच्या आडोशाला असेल तर आधी एसपीडी लावा, दांड्याचं पुढच्या साली बघा. टेकाडावर, एकटं, टिनाचं असेल तर पूर्ण करा.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा तोडला तो क्लॅम्पसाठी, एक दहा एकरांसाठी. माझ्या छातीच्या उंचीवर पट्टीत टेस्ट लिंक, म्हणजे मोजणीसाठी खोलता येणारा सांधा, ठेवून घेतली आहे. पुढच्या वैशाखात ती खोलून परत मोजायचं ठरलं आहे. त्या फेरीचे पोरगा पाचशे म्हणतो. टेस्टर त्याचा, पेट्रोल त्याचं, पण हँडल मी फिरवणार, म्हणून माझे तीनशे. बोलणी चालू आहेत.